वाऱ्याचा घाट

महबूलात चढ नाही. उत्तरेला फिंतास, दक्षिणेला अबू हलीफा, पश्चिमेला तीस नंबरचा फहाहील हायवे आणि पूर्वेला समुद्र. या चौकटीत उंच इमारती एकमेकींना खेटून उभ्या आहेत, पण त्यांच्या पायाखालची जमीन सपाट आहे. सायकलवाल्याला चढ म्हणता येईल अशी जागा म्हणजे हायवे ओलांडणारा पूल, आणि तोही मिनिटभरात संपतो. साऱ्या कुवेतचंच असं आहे. देशातली सर्वांत उंच जागा पार पश्चिमेला साल्मीच्या बाजूला आहे, तीही समुद्रसपाटीपासून जेमतेम ३०० मीटर. अशा मुलखात बसून आम्ही नवराबायको सध्या रोज रात्री जेवणं झाली की टेबल पुसून त्यावर सायप्रसचा नकाशा पसरतो. भूमध्य समुद्रातल्या या बेटावर लिमासोल नावाचं बंदर आहे. तिथून समुद्राकडे पाठ करून निघायचं आणि प्लाट्रेस गावावरून ट्रूडोसच्या चौकापर्यंत सायकलने चढायचं. अंतर पन्नासेक किलोमीटर, उंची सुमारे १,७०० मीटर. येत्या एप्रिलसाठीचा हा बेत आहे.

सपाट मुलखात चढाचा सराव करायचा कसा, याचं उत्तर इथे वाऱ्याकडे आहे. कुवेतचा मुख्य वारा वायव्येकडून येतो. त्याला शमाल म्हणतात. जून-जुलैत तो दिवसचे दिवस थांबत नाही, हिवाळ्यातही अधूनमधून दणकून वाहतो. शुक्रवारी पहाटे, रस्त्यावर गाड्या यायच्या आत, आम्ही महबूलाहून निघतो आणि मंगाफ, फहाहील मागे टाकत दक्षिणेची वाट धरतो. डावीकडे शुऐबाच्या कारखान्यांचे दिवे आणि चिमण्यांवरच्या ज्वाळा दिसत राहतात. शमाल पाठीशी असतो, त्यामुळे जाताना पाय नुसते फिरतात. आमचा घाट सुरू होतो तो परत फिरल्यावर. उत्तरेकडे तोंड केलं की कानात घोंघावणं सुरू होतं, दातांत बारीक वाळू येते आणि एवढा वेळ हलकी वाटणारी सायकल कुणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी जड होते.

मी तेलाच्या टाक्यांची देखभाल करणाऱ्या एका कंत्राटी कंपनीत आहे, त्यामुळे आकडेमोड केल्याशिवाय मला चैन पडत नाही. समोरून ताशी २५ किलोमीटरचा वारा असेल आणि आपण २० च्या वेगाने चाललो असू, तर हवा ४५ च्या वेगाने अंगावर येते. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. माझं वजन, सायकलचं वजन, अंगाचा आकार हे सगळं धरून मांडलं, तर हा अडथळा चार-साडेचार टक्क्यांच्या चढाइतका भरतो. म्हणजे कुवेतच्या सपाट रस्त्यावर मला ट्रूडोसचा रस्ता मिळतो, अगदी सरासरीच्या हिशेबाने पाहिलं तर त्याहून थोडा कडकच.

पण वारा आणि चढ यांच्या स्वभावात फरक आहे, आणि तो कागदावर मांडून मग पायांनी समजून घेण्यात आमचे कितीतरी शुक्रवार गेले. वारा तडजोडीला तयार असतो. तुम्ही वेग निम्म्यावर आणलात की त्याचा जोर जवळजवळ चाळीस टक्क्यांनी उतरतो. हँडलच्या खालच्या वाकात हात घालून छाती खाली नेली की आणखी उतरतो. दोघं असलो तर एकाच्या आडोशाने दुसऱ्याला दम खाता येतो. चढाजवळ यातलं काही चालत नाही. तिथे तुमचं वजन तुम्हाला मागे ओढत असतं, आणि ते वजन तुम्ही हळू गेलात म्हणून कमी होत नाही. पुढे कुणी असून फायदा नाही, वाकून फायदा नाही. वारा एखाद्या वळणावर इमारतींच्या आड गेला की पाय सुटतात. चढावर तेवढीही उसंत मिळत नाही. म्हणून आम्ही वाऱ्यातसुद्धा मुद्दाम जड गिअर लावून, पेडल सावकाश फिरवत, सरळ ताठ बसून जातो. वाऱ्याने दिलेली सूट घ्यायची नाही, असा नियम केला आहे.

खरा, जमिनीचा म्हणावा असा एक चढ मात्र आमच्या वाट्याला आला आहे. महबूलाच्या नैऋत्येला अहमदी आहे. बुरगानच्या क्षेत्रात १९३८ मध्ये तेल सापडलं आणि कच्च्या तेलाची पहिली निर्यात झाली ३० जून १९४६ रोजी. त्या वेळी तेलाच्या टाक्या मुद्दाम अहमदीच्या कड्यावर, शंभर-सव्वाशे मीटर उंचीवर बांधल्या, कारण तिथून तेल पंपाशिवाय, निव्वळ स्वतःच्या वजनाने, खाली किनाऱ्यावर उभ्या जहाजात उतरत असे. उतार टक्का-सव्वा टक्क्याचा, पण त्यावर एका देशाची श्रीमंती वाहत गेली. माझी नोकरी त्याच उताराच्या माथ्यावर आहे. सुट्टीच्या दिवशी मी तिथे समुद्राकडून सायकल चढवत येतो तेव्हा उंचीला किती किंमत असते ते मला फार स्पष्ट कळतं.

आधी आमच्या डोक्यात मायोर्का होतं. स्पेनचं हे बेट म्हणजे युरोपातल्या सायकलवाल्यांची पंढरी. तिथला सा कालोब्राचा रस्ता अंतोनिओ पारिएत्ती या इंजिनिअरने आखला, १९३२ मध्ये तो झाला, आणि एका ठिकाणी तो पूर्ण गिरकी घेऊन स्वतःच्याच खालून जातो. चित्रं पाहून आम्हीही भाळलो होतो. पण नकाशा शांतपणे पाहिला तेव्हा सायप्रस पुढे आलं. कुवेतपासून सायप्रस साधारण दीड हजार किलोमीटरवर आहे, म्हणजे मुंबईच्या जवळजवळ निम्म्या अंतरावर. तिथला सर्वांत उंच डोंगर, ऑलिंपस, १,९५२ मीटरचा. आपल्या कळसूबाईपेक्षा तीनशे मीटर उंच. आणि सायप्रसमध्ये वाहनं रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. इंग्रज १९६० मध्ये गेले, पण ही सवय ठेवून गेले. कुवेतमध्ये इतकी वर्षं उजव्या बाजूने चालवत आलो आहे, तरी अचानक समोर काही आलं की माझा हात अजून डावीकडेच वळतो. डोंगरउतारावर तो हात रस्त्याच्या बरोबर बाजूला वळलेला बरा.

प्रवासाचं ठिकाण ठरणं सोपं होतं. अवघड होतं ते रजेचं.

कुवेतच्या कायद्याप्रमाणे वर्षाला तीस दिवसांची पगारी रजा मिळते. आखातात नोकरी करणाऱ्या मराठी माणसाला विचारा, त्या तीस दिवसांवर आधीच नावं लिहिलेली असतात. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन, घराची कौलं, सातबाऱ्यावर वारसांची नोंद, मेव्हणीचं लग्न, बँकेत अंगठा आणि फोटो, शिमग्याची पालखी, भाच्याची मुंज, ज्यांच्याकडे मागच्या खेपेला जायचं राहिलं त्यांच्याकडे जाऊन येणं. विमानातून उतरल्यापासून परत चढेपर्यंत माणूस एका घरातून दुसऱ्या घरात जात असतो. याबद्दल मला तक्रार नाही. ज्या माणसांसाठी इथे आलो त्यांना वर्षातले तीस दिवस द्यायचे नाहीत तर कोणाला द्यायचे? पण पन्नाशी जवळ आली तेव्हा जाणवलं की या सगळ्या वर्षांत माझ्या रजेतला एकही दिवस असा नव्हता की ज्यावर माझं आणि माझ्या बायकोचं नाव होतं. मुलगी पुण्यात शिकायला गेली आणि घरात दोघंच उरलो, तेव्हा हे अधिकच लख्ख दिसायला लागलं.

आमच्या कंपनीच्या रजेच्या अर्जात शेवटून दुसरा रकाना असतो: रजेच्या काळातला पत्ता. तिथे मी दर वर्षी मुक्काम पोस्ट पोलादपूर, जिल्हा रायगड असं लिहीत आलो. या खेपेला त्या रकान्यात लिमासोलच्या एका छोट्या हॉटेलचा पत्ता लिहिला आहे. तिथे आमची वाट पाहणारं कोणी नाही. पोहोचल्यावर कोणाच्या पाया पडायचं नाही, कोणासाठी खजुराचं पाकीट आणि अत्तराची बाटली न्यायची नाही. लिहिताना हात क्षणभर थांबला. त्यात अपराधी वाटणं होतं आणि सुटल्यासारखं वाटणंही होतं. दोन्ही खरं होतं, आणि दोन्ही असूनही अर्ज दिला.

कोणी विचारेल, आणि आमच्यातल्या काहींनी विचारलंही, की घाटच चढायचा आहे तर सह्याद्री काय वाईट? प्रश्न रास्त आहे. आमचं पोलादपूर म्हणजे आंबेनळी घाटाचा पायथा. तिथून महाबळेश्वर चाळीसेक किलोमीटर, आणि चढ तेराशे मीटरच्या आसपास. ट्रूडोसच्या रस्त्याचं गणित जवळजवळ हेच आहे. माझे बाबा महाड आगाराला एसटीचे ड्रायव्हर होते. लहानपणी सुट्टीत मी त्यांच्या गाडीत पुढच्या सीटवर बसून तो घाट कितीदा पाहिला असेल! प्रतापगडाचा फाटा आला की बाबा एकदा हात जोडत आणि पुन्हा स्टिअरिंग धरत. तो घाट मी सायकलने कधी चढलो नाही. शाळेत असताना सायकल होती, पण ती भाड्याची आणि गिअरची नव्हे; आणि गिअरची सायकल घेण्याइतके पैसे हातात आले तेव्हा घाट हातातून सुटला होता. आता गावी गेलं की सहा तास एकट्याने कुठे नाहीसं व्हायचं म्हटलं तर घरातले चार जण कावरेबावरे होतात. त्यांचंही बरोबर आहे. वर्षातून एकदा आलेला मुलगा त्यांना डोळ्यांसमोर हवा असतो. जिथे आपण सगळ्यांचे असतो तिथे आपल्या पायांचं ऐकायला वेळ मिळत नाही.

नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये दोघांच्या गटात ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली, दोन वर्षांनी नागपूरच्या अमित समर्थांनी ती एकट्याने पूर्ण केली. त्यांच्या बातम्या आम्ही इथे महबूलात वाचल्या, आणि खरं सांगतो, तेव्हापासून मराठी माणूस आणि सायकल हे शब्द मनात वेगळ्या तऱ्हेने जुळले. मात्र आमच्या बेताला त्यांच्या पराक्रमाशी काही देणंघेणं नाही. आम्हाला घड्याळ लावायचं नाही. एका मोठ्या डोंगराला एकदा आपल्या दमाने चढून जायचं आहे, एवढंच.

चढाची तयारी वाऱ्याने केली. उताराची तयारी करायला कुवेतमध्ये कुठलाच मार्ग नाही, आणि मला जास्त विचार पडला आहे तो त्याचाच. बाबा म्हणायचे, घाट चढताना गाडीची परीक्षा आणि उतरताना ड्रायव्हरची. उतारावर त्यांनी कधी गाडी न्यूट्रलवर टाकली नाही, आणि ब्रेकवर पाय ठेवून बसलेला ड्रायव्हर त्यांना आवडत नसे. ब्रेक दाबायचा तो वळणाच्या आधी, वळणात नाही. नजर समोरच्या डांबरावर न ठेवता वळण जिथे संपतं तिथे ठेवायची. सायकलचं शास्त्र नेमकं हेच सांगतं. फरक एवढाच की सायकलला इंजिन नसल्याने गिअरचा आधार नाही, सगळा भार ब्रेकवर आणि दोन टायरांवर. सतत दाबून धरला तर ब्रेक तापतो, म्हणून दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा. रिकाम्या पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या बाटल्या मांडून आम्ही वळणं घेतो. वळणाच्या आतल्या बाजूचं पेडल वर, बाहेरचं खाली, वजन बाहेरच्या पायावर. हिला हे माझ्यापेक्षा चांगलं जमतं. ती एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत आहे, दिवसभर थेंबाथेंबाचं काम करते, तिच्या हातांत घाई नाही.

पहिल्यांदा मी सुचवलं होतं की तिने भाड्याच्या गाडीतून मागून यावं, पाणी-खाणं गाडीत राहील. ती म्हणाली, “अहो, मग ती सुट्टी तुमची झाली, आपली नाही.” त्यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. आता दोन सायकली भाड्याने घ्यायच्या आहेत.

इथल्या सायकली सोबत न नेता तिथे भाड्याने घ्यायचं ठरवलं, त्याला कारण गिअर. आमच्या सायकली सपाटीच्या आहेत, चढाला लागणारी मोठी चक्रं त्यांच्या मागच्या चाकाला नाहीत. पुढे ३४ दातांचं चक्र आणि मागे ३४ चं, असं मिळालं की पेडलच्या एका फेऱ्यात चाक बरोबर एकदाच फिरतं. मिनिटाला सत्तर फेरे मारले तर वेग ताशी नऊ किलोमीटरच्या आतच राहतो, म्हणजे भराभर चालणाऱ्या माणसाहून थोडाच जास्त. पण त्या वेगाने दिवसभर चढता येतं. डिस्कचे ब्रेक हवेत, टायर किमान २८ मिलिमीटरचे हवेत. पेडल, बूट आणि सीट मात्र आपलीच न्यायची, कारण शरीराचा सायकलशी संबंध येतो तो या जागी. मागच्या आठवड्यात आम्ही बैठकीच्या खोलीत दोन्ही सायकली भिंतीला लावून शिवणकामाच्या टेपने मापं घेतली. क्रँकच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत, सीटच्या टोकापासून हँडलपर्यंत. हिने ती मापं पांढऱ्या चिकटपट्टीवर मार्करने लिहून हेल्मेटच्या आत चिकटवली. परक्या सायकलवर ती मापं लावली की पहिल्या तासातच गुडघा ओळख देईल.

महबूलात सायकल चालवताना आपण एकटे कधीच नसतो, हे सांगायलाच हवं. इथे पहाटे सर्वांत आधी रस्त्यावर दिसतात ते सायकलवालेच. बकाल्यातून, म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून, पाण्याच्या बाटल्या पोहोचवणारा बंगाली मुलगा, लाँड्रीतले इस्त्रीचे कपडे हँगरसकट हँडलला अडकवून निघालेला आंध्रचा माणूस, रात्रपाळी संपवून परतणारा नेपाळी रखवालदार. परदेशी माणसाला इथे मोटारीचं लायसन्स मिळायचं तर ठरावीक पगार, पदवी आणि दोन वर्षांचं वास्तव्य लागतं. ज्यांच्याकडे ते नाही त्यांचं वाहन सायकल. जाड नळीची, काळी, मागे रुंद कॅरिअर असलेली, आपल्याकडे दूधवाल्याकडे असायची तशी. त्या सायकलींचं वजन माझ्या सायकलीच्या दुप्पट तरी असेल, वर माल वेगळा, आणि वारा तोच. हायवेच्या पुलावर ही माणसं सीटवरून उठून उभ्याने पेडल मारतात, तेव्हा त्यांच्या पोटऱ्यांकडे पाहिलं की चढाबद्दलचं खरं ज्ञान कोणाकडे आहे ते कळतं. आम्ही त्यांना हात करतो, ते आम्हाला करतात. आमच्या इमारतीचा हारिस, म्हणजे राखणदार, मला एकदा म्हणाला होता, एवढी महाग सायकल, पण हिला कॅरिअर नाही, मग नेता काय? मी सांगितलं, काही नेत नाही, नुसता जाऊन येतो. तो बराच वेळ विचार करत होता.

याच रस्त्यांवर २०२० च्या एप्रिलमध्ये कुंपणं आली. महबूला आणि जलीब अल-शुयूख या दोन दाट वस्त्या साथीमुळे बाकीच्या देशापासून तोडल्या, आणि जुलैपर्यंत तोडलेल्याच ठेवल्या. खिडकीतून रिकामा रस्ता दिसे, आणि शमाल त्यावरून मोकळा वाहत असे. तेव्हा सायकल घरातच स्टँडला लावून फिरवत होतो आणि समोर फोनच्या पडद्यावर कुठल्या कुठल्या डोंगरांचे रस्ते धावत होते. पाय फिरत होते, पंखा समोर होता, पण चेहऱ्याला लागणारी हवा एकाच जागची होती. पुढे कधीतरी खऱ्या डोंगरावर जाऊ, असं दोघांनी बोलून ठेवलं ते त्या दिवसांत.

सायप्रसविषयी वाचायला लागलो तशी त्या बेटाबद्दल एक वेगळी जवळीक वाटू लागली. १९७४ पासून ते दुभंगलेलं आहे. तुर्की सैन्य उतरलं, उत्तरेचे ग्रीक दक्षिणेला आले, दक्षिणेचे तुर्क उत्तरेला गेले, आणि मधल्या पट्ट्यावर आजही संयुक्त राष्ट्रांचा पहारा आहे. निकोसियाचा जुना विमानतळ त्या पट्ट्यात तसाच पडून आहे. कुवेतमध्ये राहणाऱ्याला हे परकं वाटत नाही. २ ऑगस्ट १९९० च्या इराकी आक्रमणानंतर इथले हजारो भारतीय घराला कुलूप लावून, किल्ली खिशात ठेवून, बगदादमार्गे अम्मानला पोहोचले. तिथून एअर इंडियाच्या विमानांनी पावणेदोन लाखांच्या आसपास माणसं मायदेशी आणली. इथल्या जुन्या मराठी लोकांकडून त्या किल्ल्यांच्या गोष्टी मी ऐकल्या आहेत. त्यातले काही परत आले आणि त्यांनी तेच दार उघडलं. सायप्रसमधल्या कितीतरी लोकांना ते दार आजवर उघडता आलेलं नाही. आणि त्या पहाऱ्यात आपलीही माणसं होती. १९६४ मध्ये तिथे शांतिसेना उभी राहिली तेव्हा पहिले सेनापती लेफ्टनंट जनरल ग्यानी होते. त्यांच्यानंतर आले जनरल थिमय्या, आपले माजी लष्करप्रमुख. १८ डिसेंबर १९६५ रोजी, कामावर असतानाच, त्यांना सायप्रसमध्ये मृत्यू आला. सायप्रसने त्यांच्या नावाने टपालाचं तिकीट काढलं. सुट्टीला जायचं म्हणून ज्या बेटाचा नकाशा उघडला, त्यावर आपल्या माणसाचं नाव निघेल असं वाटलं नव्हतं.

आणि त्या डोंगराची घडण. हे वाचलं त्या रात्री मी हिला झोपेतून उठवून सांगितलं. सह्याद्री म्हणजे लाव्ह्याचे थर, एकावर एक रचलेले. घाट चढत गेलं की आपण जुन्या थराकडून नव्या थराकडे जातो. ट्रूडोसचं उलटं आहे. तो समुद्राचा तळ आहे. नऊ कोटी वर्षांपूर्वीचा समुद्रतळ जमिनीच्या रेट्याने उचलला गेला, आणि मधला भाग सर्वांत जास्त उचलला जाऊन वरचे थर झिजले. त्यामुळे पायथ्याकडे लागतो तो पाण्यात गोठलेला, उशांसारखा गोलसर लाव्हा, आणि वर जावं तसे एकेकाळी त्याच्या खोल खाली असलेले खडक लागतात. अगदी माथ्यावर, ऑलिंपसवर, आहे तो पृथ्वीच्या कवचाच्याही खालचा खडक. म्हणजे सायकलने वर चढत आपण पृथ्वीच्या पोटात खोल जात असणार. माझं सगळं आयुष्य जमिनीखालून काढलेल्या तेलावर चाललं आहे, पण जमिनीखालचा भाग पायांनी चढून पाहायचा योग असा कधी आला असता?

त्या माथ्यावर आपल्याला जाता येत नाही हेही नकाशावरच कळलं. तिथे ब्रिटिशांचं रडार आहे, पांढरा गोल घुमट, भोवती तारा. रस्ता फाटकाशी संपतो. मला त्याचं वाईट वाटलं नाही. आमचं ठरलेलं टोक ट्रूडोसचा चौक आहे; काळ्या पाइनची झाडं आणि दोन-चार चहा-कॉफीची दुकानं असलेला.

आजकाल नकाशावर प्रत्येक वळणाचा फोटो आधी पाहता येतो. चढाचा आलेख मिळतो, कुठे चार टक्के, कुठे नऊ, तीव्र तुकडे लाल रंगात. मी लिमासोलपासून प्लाट्रेसपर्यंतचा रस्ता असा पूर्ण पाहून ठेवला आहे. पाणी कुठे मिळेल, रस्त्याची साइडपट्टी कुठे अरुंद आहे, ट्रक कुठून येतात, हे माहीत असलेलं बरं. प्लाट्रेसच्या पुढे मात्र पाहायचं थांबवलं. ऑक्टोबर १९२३ मध्ये आदी हकीम, जाल बापासोला, रुस्तम भूमगारा आणि त्यांचे सोबती मुंबईहून सायकलवर जगाच्या प्रदक्षिणेला निघाले. इराण, इराक आणि सीरियाचं वाळवंट ओलांडून ते भूमध्य समुद्राला भिडले, आणि त्यांतले हे तिघे ७१,००० किलोमीटर करून १९२८ मध्ये घरी आले. पुढच्या वळणाला काय आहे हे त्यांना वळण आल्यावरच कळत होतं. आमच्या पन्नास किलोमीटरांतले शेवटचे काही तरी तसे राहावेत, असं मला मनापासून वाटतं.

आईला फोनवर सांगायचं काम मी पुढे ढकलत होतो, हिनेच ते केलं. मी शेजारी बसून ऐकत होतो. आई आधी गप्प झाली. मग तिने विचारलं, “म्हणजे यंदा मे महिन्यात येणार नाही तुम्ही?” हिने सांगितलं की येणार, गणपतीत येणार, दहा दिवस तरी राहणार. मग आईने विचारलं की तो घाट कसा आहे, आपल्यासारखाच का. ही म्हणाली, “तसाच, आई. थोडा जास्त.” त्यावर आई म्हणाली, “मग त्याला सांग, उतरताना बाबांसारखं उतर.”

व्हिसाचे कागद गोळा होत आले आहेत: पगाराचं प्रमाणपत्र, बँकेचा उतारा, सिव्हिल आयडीची प्रत, हॉटेलची नोंद. मार्चअखेर ट्रूडोसवर बर्फ असू शकतो, म्हणून एप्रिलचा दुसरा पंधरवडा धरला. त्या दिवसांत कुवेतमध्ये सरायातची धुळीची वादळं आणि गडगडाट सुरू झालेला असतो, म्हणजे इथला सराव त्याआधी संपवायचा. पोहोचल्यावर पहिला दिवस सायकली जुळवून किनाऱ्याने कुरिओनच्या प्राचीन नाट्यगृहापर्यंत जाऊन यायचं, डाव्या बाजूची सवय करायची. दुसऱ्या दिवशी पूर्ण विश्रांती. तिसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला निघायचं. खिशात खजूर, शेंगदाण्याची चिक्की आणि हिने केलेले रव्याचे लाडू. दर अर्ध्या तासाने एक काहीतरी खायचं, भूक लागायची वाट पाहायची नाही. जो पुढे जाईल त्याने प्रत्येक गावाच्या पहिल्या झाडाखाली थांबायचं. प्लाट्रेसला जेवण, गरम असेल तर सूप, आणि तिथे घड्याळ पाहायचं. दोनच्या आत निघालो तर चौक गाठून उजेडात खाली उतरायचं. त्याहून उशीर झाला तर प्लाट्रेसलाच खोली घ्यायची आणि उरलेला घाट दुसऱ्या दिवशी चढायचा, असं दोघांनी ठरवलं आहे.